साठीनंतर जोराचे दिवस किती आणि सुट्टी किती?

टेकडीवाला
वय ६३, बँकेतून निवृत्त, पळायला लागून नऊ वर्षं झाली. दर सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ करतो. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून यायचं. आमच्या ग्रुपचा प्लॅन सगळ्यांना एकच: मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, आलटून पालटून), गुरुवारी टेम्पो (सलग वेगात), रविवारी लाँग रन, मधे दोन दिवस इझी. तिशीतल्या आयटीवाल्या पोरांना तोच आणि मलाही तोच. पाच वर्षं इमानेइतबारे पाळला. गेल्या वर्षी टाचेवरची शीर धरली. सकाळी पलंगावरून उतरलो की बाथरूमपर्यंतची पहिली दहा पावलं भिंतीला हात लावून. अर्ध्या तासात सगळं मोकळं व्हायचं, म्हणून मी पुन्हा बूट चढवायचो. असे चार महिने काढले आणि शेवटी सातारा हुकलं ते हुकलंच.

आता आठवडाच मोडीत काढलाय. नऊ दिवसांचं चक्र लावलं: एक दिवस जोराचा, पुढचे दोन हलके किंवा पूर्ण सुट्टी, मग पुन्हा जोराचा. आठवडा सात दिवसांचा हा पंचांगाचा हिशेब, पोटरीला तो ठाऊक नाही. सहा महिने झाले, शीर गप्प आहे आणि टायमिंगही बिघडलेलं नाही. माझं मत: साठीनंतर सात दिवसांत तीन जोराचे दिवस बहुतेकांना झेपत नाहीत, आपण नुसतं झेपल्यासारखं दाखवतो. ग्रुपमध्ये मात्र "काका दुसऱ्यांदा रिटायर झाले" असं चाललंय. तुम्ही काय करता?

घाटमाथा
वय ६७. साफ असहमत. आपल्याकडे साठी झाली की जो तो "जपा" म्हणतो. जपता जपता माणूस कधी खुर्चीत जाऊन बसतो ते त्याचं त्यालाच कळत नाही.

कॅनडाचा एड व्हिटलॉक आठवा. २००४ साली टोरंटोला, वयाच्या ७३व्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत. ८५व्या वर्षीसुद्धा चार तासांच्या आत. त्याचा सराव काय होता? घराजवळच्या दफनभूमीत गोल गोल फेऱ्या, दिवसाला तीन-तीन तास. नऊ दिवसांचं चक्र वगैरे काही नाही.

शिवाय या वयात गेलेलं परत मिळवायला फार वेळ लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी तीन आठवडे घरी होतो. पहिल्यासारखं पळायला मला दोन महिने लागले. चाळिशीत एवढी सुट्टी पंधरा दिवसांत भरून निघायची. त्यामुळे सुट्टी ही चैन तरुणांनी करावी.

टेकडीवाला
@घाटमाथा, व्हिटलॉक तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे! त्या फेऱ्या तो अगदी रमतगमत मारायचा, जोर काढायचा तो शर्यतीत. दुखण्यामुळे त्याचे महिनेच्या महिने वायाही गेलेत. "रोज पळा" आणि "रोज जोरात पळा" यात फरक आहे.

घाटमाथा
हळू का होईना, तीन तास रोज! तुम्ही नऊ दिवसांतले काही दिवस सोफ्यावर काढता. साक्षीदार माझाच.

फिजिओ_नाशिक
दोघंही दिवस मोजताय. मी रोज तुमच्याच वयाचे गुडघे आणि टाचा बघते, म्हणून थोडं लांब लिहिते.

सरावाने दम लवकर वाढतो, स्नायूही बऱ्यापैकी साथ देतात. शिरांना, म्हणजे टेंडनना, रक्तपुरवठा कमी. त्या कासवाच्या चालीने तयार होतात, आणि वयानुसार आणखी सावकाश. छाती म्हणते "अजून एक चक्कर", टाच म्हणते "थांब". काकांचं सकाळचं भिंत धरून चालणं आणि अर्ध्या तासाने मोकळं होणं हे याचं अगदी नेहमीचं लक्षण. मोकळं वाटलं म्हणजे बरं झालं नव्हे. त्यावर नुसती सुट्टी हाही उपाय नाही. शीर आरामाने दुखायची थांबते, पण मजबूत होत नाही. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच सावकाश वर-खाली करायची, हळूहळू पाठीवर वजन घेऊन. काका, हे करताय का? की नुसतं चक्र बदललंय?

दुसरं, घड्याळ. हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती जातील, याचं "२२० वजा वय" हे सूत्र साठीनंतर बऱ्याच जणांचा आकडा कमी दाखवतं. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा, हे त्यापेक्षा बरं. ६३ व्या वर्षी पहिल्याने १५७ येतात, दुसऱ्याने १६४. तरीही माणसागणिक दहा-एक ठोक्यांचा फरक सहज पडतो. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात, तिथे दोन्ही सूत्रं निकामी. इझी रन खरंच इझी आहे का, याची घरगुती कसोटी म्हणजे पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांचा इझी दिवस इझी नसतोच.

तिसरं, खाणं. उतारवयात स्नायूंना तेवढंच काम करायला जास्त प्रथिनं लागतात, एका जेवणात साधारण किलोमागे ०.४ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम झाले. लाँग रननंतर बशीभर पोहे आणि चहा यात त्याच्या पावसुद्धा जेमतेम. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, वाटीभर पातळ वरणात पाच-सहा. (किडनीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.)

चारुता_कोथरूड
वाचून हसू आलं. वय ५८, दहा किलोमीटर नेमाने पळते. तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात एक गोष्ट आलीच नाही. "सुट्टीचा दिवस" म्हणजे नक्की काय हो? माझी रविवारची लाँग रन साडेसातला संपते. आठला मी ओट्यापाशी उभी, साडेदहाला पंधरा पोळ्या लाटून झालेल्या. सासूबाई ८९ वर्षांच्या, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. माझ्या घड्याळात सुट्टीच्या दिवशी तेरा हजार पावलं पडतात आणि झोप साडेपाच तास, तीही तुकड्यातुकड्यांत. ग्रुपमधले काका पळून आले की पेपर वाचत पाय वर करून बसतात आणि मग मला सांगतात, "रिकव्हरीकडे लक्ष द्या, ताई."

मी काय केलं? मंगळवारचे इंटरव्हल बंद. त्या वेळेत अर्धा तास वजनं उचलते आणि दुपारी दार लावून वीस मिनिटं झोपते. दार लावणं हाच यातला सगळ्यात अवघड व्यायाम.

टेकडीवाला
@चारुता, पेपरवाला मुद्दा लागला. (आणि @फिजिओ, टाचांचा व्यायाम पंधरा दिवस केला, मग सुटला. उद्यापासून पुन्हा.)

लाल_माती
कोल्हापूरकडचा आहे, पळण्यातलं कळत नाही, पण बारा वर्षं तालमीत काढलीत. पहाटे मेहनत, मग खुराक, मग दुपारी झोप. झोप ही मेहनतीतच धरायचे. दुपारी गावात उंडारणाऱ्या पोराला आमचे वस्ताद संध्याकाळी कुस्तीच्या हौद्यात उतरू द्यायचे नाहीत, "आधी निजून ये" म्हणायचे. तेव्हा आम्हाला ती शिक्षा वाटायची.

उलटी बाजू पण सांगतो. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही, अशी आमची कितीतरी माणसं. चाळिशीत पोट, पन्नाशीत साखर. विश्रांती आम्ही फार मनावर घेतली! म्हणून मी आता ६१व्या वर्षी बैठका सोडलेल्या नाहीत. पूर्वी एका दमात पाचशे, आता पन्नास-पन्नासचे तीन डाव, दिवसाआड.

घाटमाथा
@लाल_माती, हेच तर मी म्हणतोय. थांबलेला संपला.

फिजिओ_नाशिक
@घाटमाथा, दिवसाआड हा शब्द तुम्ही सोयीस्कर गाळलात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही बघा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा, आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. ही झाली सामान्य माणसाची गोष्ट, तुम्ही मंडळी त्याच्या कधीच पुढे गेलात. पण तोलाचा व्यायाम तुमच्यापैकी कोण करतं? एका पायावर उभं राहून दात घासून दाखवा.

आणि हृदयाबद्दल एक. वर्षानुवर्षं खूप लांब अंतरं करणाऱ्यांत ठोके अनियमित होण्याचं, एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण जास्त दिसतं. घाबरून पळणं सोडायचं कारण नाही. पण छातीत फडफड, अकारण दम, चक्कर असं काही झालं तर "आज उन्हामुळे असेल" म्हणून ढकलू नका, ईसीजी काढा.

घाटमाथा
ईसीजी दर वर्षी काढतो. दात घासून बघितले, डाव्या पायावर जमलं. उजव्याचं विचारू नका.

रविवार_सिंहगड
वय ६६. मी पळतो चार दिवस, आणि दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. तो माझा सुट्टीचा दिवस, कारण त्या दिवशी पळत नाही. बरोबर ना?

फिजिओ_नाशिक
सिंहगड हा सुट्टीचा दिवस?! चढताना दम लागतो म्हणून चढ अवघड वाटतो, पण मांड्या फोडतो तो उतार. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. म्हणून सोमवारी बरं वाटतं आणि मंगळवारी कमोडवर बसताना देव आठवतो. तो जोराचा दिवस धरा, नाहीतर चढून जा आणि खाली जीपने या.

घाटमाथा
जीपने? त्यापेक्षा गड न चढलेला बरा.

टेकडीवाला
वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि खाली जीप असा बेत असेल तर मी येतो. या रविवारी नेमका माझा जोराचा दिवस आहे.

रविवार_सिंहगड
या की. पावणेसहाला आतकरवाडीत. फक्त एक अडचण: जीप घाटरस्त्याने उतरते आणि आपल्या गाड्या आतकरवाडीत. कुणीतरी पायवाटेने उतरून गाडी आणावी लागेल.

घाटमाथा
किल्ली माझ्याकडे द्या.