मदत हवी आहे: बाबांची केमो चालू, घरी गणपती, पाहुणे, कोरोनाचा धोका नेमका कुणाला किती?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय.

बाबा ६८ वर्षांचे. लिम्फोमा आहे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरपैकी एक, डीएलबीसीएल प्रकारचा. आर-चॉप नावाची केमो चालू आहे, चार सायकल झाल्या, दोन उरल्यात. आत्याही आमच्याकडेच राहते. तिला २०१५ साली स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, रेडिएशन, मग पाच वर्षं गोळ्या. आता कॅन्सरचं काहीच औषध नाही. डायबेटिस मात्र आहे, आणि श्रीखंड समोर आलं की तो आठवत नाही.

आता गणपती तोंडावर आलेत. आमचा पाच दिवसांचा, पुण्या-मुंबईची माणसं उतरतात. नेमका आमच्या गल्लीत दोन घरी कोरोना निघालाय. भावोजी म्हणतात, "आता ती साधी सर्दी आहे, बाऊ करू नका." आई दुसऱ्या टोकाला. "दोघंही कॅन्सरचे पेशंट" म्हणून बाबा आणि आत्या दोघांनाही मागच्या खोलीत ठेवायचं म्हणते. आत्या भडकलीय, मला वाळीत टाकताय का म्हणून.

मला विचारायचंय ते असं: दोघांचा धोका खरंच सारखा आहे का? बाबांनी आजाराआधी लशीचे तीनही डोस घेतलेत, त्यांचा आता उपयोग काय? आणि रात्री-अपरात्री ताप आला तर काय करायचं? ओपीडीत आमच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात, ती रिपोर्ट दाखवण्यातच जातात.

लष्करची_सून:
ग्वाल्हेरहून. आमच्या ह्यांना मायलोमा आहे, तोही रक्ताचाच कॅन्सर, त्यामुळे तुमची धास्ती कळते. आत्याबाईंना आधी खोलीतून बाहेर काढा, त्यांचं बरोबर आहे. रक्ताचे कॅन्सर आणि बाकीचे कॅन्सर कोरोनाच्या बाबतीत एका पंगतीत बसत नाहीत.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघाड होतो तो ज्या पेशी विषाणूशी लढतात त्यांच्यातच. त्यात बाबांच्या आर-चॉपमधला 'आर' म्हणजे रिटुक्सिमॅब. ते बी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मारतं. बाबांचा कॅन्सर त्या पेशींचाच आहे, म्हणून ते देतात. पण अँटीबॉडी तयार करण्याचं कामही त्यांचंच. शेवटच्या डोसनंतरही सहा महिने, कधी वर्षभर त्या नीट परतत नाहीत. शिवाय दर सायकलला पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. तेव्हा भावोजींची सर्दी त्यांना लखलाभ, बाबांना ती न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते.

डेकेअर_सिस्टर:
मी केमोच्या डेकेअरमध्ये काम करते. वरच्या ताईंना दुजोरा, आणि आकडे हवे असतील तर हे घ्या. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ओपनसेफली नावाचा मोठा अभ्यास झाला, पावणेदोन कोटींच्या आसपास लोकांच्या नोंदींवर. वय, इतर आजार वगैरे हिशेबात घेऊन आलेलं चित्र असं: रक्ताचा कॅन्सर होऊन वर्ष झालं नसेल तर कोरोनाने मृत्यूचा धोका सुमारे २.८ पट, आणि पाच वर्षांनंतरही सुमारे १.६ पट. इतर कॅन्सरमध्ये पहिल्या वर्षी १.७ पट, पण पाच वर्षं उलटली की कॅन्सर न झालेल्यांच्या जवळपास बरोबरीने. हे लशीच्या आधीचे आकडे आहेत, त्यामुळे आजचा धोका जसाच्या तसा एवढा धरू नका. कोण वर, कोण खाली, हा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच अभ्यासात साखर ताब्यात नसलेल्यांचा धोका जवळपास दुप्पट दिसला. म्हणजे आत्यांची काळजी करायची तर ती २०१५ च्या कॅन्सरची नको, श्रीखंडाची करा. आणि वयाची. वय हा सगळ्यात मोठा घटक निघाला होता.

लशीबद्दल: रिटुक्सिमॅब चालू असताना घेतलेल्या डोसने अँटीबॉडी फारशा बनत नाहीत. बाबांनी मात्र आधी घेतलीय. बी-पेशींपासून आधीच तयार झालेल्या आणि अँटीबॉडी बनवत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशींना हे औषध धरत नाही, विषाणूशी लढणाऱ्या टी-पेशीही वेगळ्या. त्यामुळे आधीचं सगळं धुऊन जात नाही, पण त्यावर विसंबूनही राहू नका.

तापाचं नीट वाचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी इमर्जन्सीत न्यायचं. तो कोरोना आहे की जिवाणूंचा संसर्ग, हे घरी बसून कुणालाच कळत नाही, आणि दुसरा तासातासाने वाढतो. तिथे गेल्यावर "केमोचा पेशंट, अमुक तारखेला सायकल झाली" हे पहिलं वाक्य. आणि प्रेडनिसोलोनमुळे ताप दबतो, म्हणून नुसती थंडी भरली, गळून गेले, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, तरी निघायचं.

रावपुरा_७:
पण ताई, माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटचा आहे, त्यांना कोरोना झाला आणि चार दिवसांत खडखडीत. उगाच घाबरवू नये लोकांना.

लष्करची_सून:
प्रोस्टेट आणि लिम्फोमा! वर एवढं लिहिलं ते काय वाचलं मग?

एक राहिलं. भीती फक्त व्हेंटिलेटरची नसते. पॉझिटिव्ह आले की पुढची सायकल पुढे ढकलतात, आणि बी-पेशी नसलेल्यांच्या अंगात विषाणू कधीकधी आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. आमच्याकडे दोन्ही झालं. उपचार थांबलेले असताना घरातला प्रत्येक जण कॅलेंडरकडे बघत असतो.

डेकेअर_सिस्टर:
म्हणूनच लक्षण दिसताच टेस्ट. घरचं किट निगेटिव्ह आलं तरी बाबांच्या बाबतीत आरटीपीसीआर करा. पॅक्सलोव्हिडसारख्या कोरोनावरच्या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत घ्याव्या लागतात, पण त्यातलं रिटोनाविर बऱ्याच औषधांशी भांडतं. आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टिन त्यातलंच, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्याही. ते जमणार नसेल तर रेमडेसिविरची तीन दिवसांची इंजेक्शनं असतात. ठरवायचं ऑन्कॉलॉजिस्टने. तुम्ही फक्त सगळ्या औषधांची यादी तयार ठेवा.

आणि कुणाच्या सांगण्यावरून घरी स्टेरॉइड सुरू करू नका, आत्यांना तर नाहीच. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना कोरोनात त्याचा फायदा नाही. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर मिळून २०२१ मध्ये आपल्या गुजरातेत काळ्या बुरशीने काय केलं, ते विसरला नसालच.

दांडियाबाजारकर:
सगळ्यांचे आभार. आईला आकडे वाचून दाखवले. आत्या मुक्त झाली, पण ग्लुकोमीटर तिच्या हातात दिलाय. त्यावरून ती आता वेगळी भडकलीय.

ठरलं ते असं. गणपती दीड दिवसाचा. आमच्या वाड्याच्या माजघराला खिडकीच नाही, म्हणून आरास ओसरीवर आणि आरती अंगणात. सर्दी-खोकला असलेल्याने घरी थांबायचं, आम्ही प्रसाद पोचवू. हे ग्रुपवर भावोजींच्याच नावाने टाकायला लावलं. बाबा वरच्या खोलीच्या खिडकीतून आरती बघणार, खाली आले तर एन-९५ लावून. गणपती नेमके सायकलनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात येतात, म्हणून एवढं. इमर्जन्सीचा नंबर आणि औषधांची यादी फ्रिजवर चिकटवलीय.

फ्लूची लस बाबांना चालते का, तेवढं कुणी सांगेल?

डेकेअर_सिस्टर:
इंजेक्शनची चालते, त्यात मेलेला विषाणू असतो. नाकात मारायची जिवंत विषाणूची नको. फक्त रिटुक्सिमॅबमुळे तिचाही असर कमी पडतो, म्हणून कधी द्यायची ते पुढच्या सायकलच्या वेळी विचारा. घरातल्या बाकी सगळ्यांनी मात्र आत्ताच घ्या, भावोजींसकट.