संत्र्यावर वनस्पतीजन्य लेप: कोणता घ्यावा? (आंबिया बहार, थेट विक्री)

संत्रावाला_काटोल
नमस्कार मंडळी. काटोलजवळ सहा एकर नागपुरी संत्रा आहे. मागच्या हंगामापासून बाग व्यापाऱ्याला न देता पुण्याच्या सोसायट्यांत दहा-दहा किलोच्या पेट्या थेट पाठवतो. तोडणीपासून गिऱ्हाइकाच्या दारात जाईस्तोवर चार दिवस मोडतात. दोन-तीन दिवसांनी साल सुकून सैल पडते. आतून फळ रसाळ असतं, पण सुरकुतलेल्या संत्र्याचा फोटो ग्रुपवर आला की पुढची ऑर्डर गेली समजा. मेण लावतो म्हटलं तर लोक म्हणतात, 'मेणाचं नको.' एका विक्रेत्यानं 'हर्बल कोटिंग'चा पाच लिटरचा कॅन दाखवला. आत काय आहे ते लेबलवर नाही. घरीच कोरफडीचा गर काढून लावला तर? कुणी केलंय का?

मुक्काम_मोर्शी
केलंय बापा, आणि हात पोळलेत. पहिल्या खेपेला पानं कापली की लगेच मिक्सरमध्ये. पिवळा चीक निथळू दिलाच नाही, त्यामुळं सालीला कडवट चव. संत्रं सोलताना बोटाला लागतंच ना ते. दुसऱ्या खेपेला पानं उभी ठेवून चीक काढला, गर गाळला, फळं बुडवून पंख्याखाली वाळवली. दिसायला झकास! पण सुकायची ती सुकलीच. उरलेला गर दुसऱ्या दिवशी आंबला, तो वेगळाच ताप.

पॅकहाऊसची_ताई
मोर्शीवाले भाऊ, तुमचा गर वाईट नव्हता, कामच वेगळं दिलंत त्याला. कोरफड, स्टार्च, सीएमसी (वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेला घट्टपणा आणणारा पदार्थ) हे सगळे पाण्याशी सलगी करणारे पदार्थ. त्यांचा पापुद्रा हवा थोडी अडवतो, फळाचा श्वास मंदावतो. पण पाण्याची वाफ त्यातून आरामात निघून जाते. संत्र्याचं दुखणं तर वाफेचंच आहे. तिथं तेलकट किंवा मेणकट काहीतरी लागतं.

काटोलवाले दादा, 'मेण' या शब्दाला गिऱ्हाईक घाबरतं, पण संत्र्याच्या सालीवर निसर्गाचं मेण असतंच. आपण फळं धुतो-घासतो तेव्हा ते निघून जातं, म्हणून वरून परत द्यायचं. तुम्हाला वनस्पतीचंच हवं असेल तर कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे ते. शेलॅकची चकाकी जास्त, पण ती लाखेची, म्हणजे किड्याची. आणि शेलॅकखाली फळाचा श्वास जास्त कोंडतो. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक चालतं, फक्त कोणतं लावलंय ते लेबलवर लिहायचं. त्या 'हर्बल' कॅनवर घटकच नसतील तर हात लावू नका.

घरी मात्र करायला जाऊ नका. कार्नोबा ८२ अंशांच्या पुढं वितळतो आणि पाण्यात मिसळत नाही. फळांसाठीचं तयार इमल्शनच घ्या, म्हणजे मेणाचे बारीक कण पाण्यात मिसळलेलं दुधाळ द्रावण.

जर्सीकर
इथं अमेरिकेत अपील नावाच्या कंपनीचा लेप लावलेले अवोकाडो मिळतात. वनस्पती तेलांपासून काढलेले मोनो-डायग्लिसराइड, म्हणजे ब्रेड-बिस्किटात असतात तेच. त्यावरूनही समाजमाध्यमांवर केवढा गदारोळ झाला! तेव्हा काटोलवाल्यांनो, लेप कशाचा आहे ते सांगणारी दोन ओळींची चिठ्ठी पेटीत टाकाच.

संत्रावाला_काटोल
ताई, कार्नोबाचं इमल्शन मिळालं. वीस-वीस फळांचे तीन गट केले: साधी, एक हात लावलेली आणि (राहवलं नाही म्हणून) दोन हात लावलेली. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. एक हातवाली साध्यांपेक्षा बरीच कमी घटली. दोन हातवाली सगळ्यात टवटवीत होती, पण आठव्या दिवशी आईनं एक सोललं आणि म्हणाली, "काऊन रे, याले दारूचा वास कायचा?"

पॅकहाऊसची_ताई
😄 आईंचं नाक बरोबर आहे. थर जाड झाला, आत प्राणवायू पोचला नाही, फळ आतल्या आत आंबलं. संत्र्याचं हे फार लवकर होतं. स्पंजनं एकच पातळ हात, आणि तोही फळ पूर्ण कोरडं असताना. लेप लावलेली पेटी उन्हातल्या टेम्पोत राहिली तरी हाच वास येईल. गरमीत फळ जोरात श्वास घेतं. तोडणी सकाळी, दव उतरल्यावर, आणि माल सावलीत.

आणि एक विचारायचं राहिलं. तोडता कसे?

संत्रावाला_काटोल
मजूर ओढूनच तोडतात.

पॅकहाऊसची_ताई
मग आधी कात्र्या घ्या. ओढलं की देठाजवळ सालीचा टवका उडतो आणि हिरवी-निळी बुरशी तिथूनच शिरते. बुरशी आत गेलेल्या फळावर कार्नोबा लावलात तर चकचकीत सडकं संत्रं पुण्याला जाईल.

मुक्काम_मोर्शी
कात्रीनं मजुरी वाढते हेही सांगा ताई. आमच्याकडे कॅरेटवर बोली असते, कात्री म्हटलं की माणसं दुसऱ्याच्या बागेत. मी यंदा रोजावर लावली, तेव्हा कुठं जमलं.

संत्रावाला_काटोल
सहा कात्र्या सांगितल्यात. टोक बोथट असलेल्याच ना?

पॅकहाऊसची_ताई
हो, नाहीतर शेजारचं फळ टोचतं. देठ अगदी बुडाशी कापा, राहिलेली काडी पेटीत दुसऱ्या संत्र्याला भोक पाडते.