गच्चीवर उडती गाडी उतरेल का?

५०३: लिफ्टमध्ये लेकाने विचारलं, "आई, उडत्या गाड्या आल्या की आपल्या गच्चीवर उतरतील?" मला काही सांगता येईना. १०२ चे काका, तुम्ही विमानांच्या दुरुस्तीत होतात ना?

१०२: हो ताई. तशी गाडी झालेली आहे. जून २०२१ मध्ये स्लोव्हाकियात 'एअरकार' नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत गेली, उतरल्यावर पंख मिटले आणि रस्त्याने शहरात गेली. पण तिला धावपट्टी लागते. गच्चीवर नाही यायची.

३०४: आणि जागच्या जागी वर उठतात त्या? ड्रोनसारख्या?

१०२: त्या उठतात, पण नुसत्या पात्यांच्या जोरावर तरंगायला प्रचंड शक्ती लागते. किलोभर पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, किलोभर बॅटरीत २५० च्या आसपास. विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी असली तरी ही दरी भरत नाही. शिवाय पेट्रोल संपत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी उतरली तरी वजन तेवढंच. आणि पात्यांखालचा वारा! गच्चीवरचे पत्रे, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, काही जागेवर राहणार नाही.

३०४: काका, बाबांना नेताना अँब्युलन्स सिग्नलला अडकली होती. मी आत त्यांचा हात धरून बसलो होतो, खिडकीतून वर सगळं मोकळं दिसत होतं. तेव्हापासून मला ही कल्पना खुळी वाटत नाही.

१०२: खुळी नाहीच रे. पेशंटसाठी, पुरात अडकलेल्यांसाठी असं यंत्र हवंच, शिकलेल्या वैमानिकाच्या हातात. घरटी एक, याला माझा विरोध आहे. पार्किंगमध्ये बंपर घासला तर आपण तसेच ऑफिसला जातो. पंख घासला तर तपासल्याशिवाय उडायचं नाही. रोज सकाळी घाईत हे कोण पाळणार?

६०१: कॉम्प्युटर चालवेल की सगळं.

१०२: चालवेल, पण घासलेला पंख त्यालाही कुणीतरी दाखवावा लागेल. १९४७ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॉनव्हेअर कंपनीने मोटारीच्या टपावर पंख आणि इंजिन बसवलं होतं. चाचणीत हवेतच इंधन संपलं आणि ती कोसळली. वैमानिक थोडक्यात वाचला. त्याने टाकी भरलेली पाहिली होती, पण तो काटा मोटारीच्या टाकीचा होता. विमानाची टाकी रिकामी होती. चाचणी वैमानिकाची ही गत, तर रात्री थकून घरी निघालेल्या माणसाचं काय?

५०३: लेकाला वाचून दाखवलं. विचारतोय, दोन काटे ठेवलेच कशाला?

१०२: कारण इंजिनंच दोन होती. रस्त्यासाठी छोटं, आकाशासाठी १९० अश्वशक्तीचं. उद्या शाळेतून आला की पाठवा त्याला खाली, चित्र काढून दाखवतो.