मदत हवी आहे: जुनं मेकॅनिक परत येणार का?

हिरवा_विषाणू
मॅजिक: द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्या खेळातलं इन्फेक्ट हे मेकॅनिक (कार्डांवरचा खास नियम, हा विषाचा) कार्डांच्या नव्या सेटमध्ये परत यायची शक्यता किती? हो की नाही एवढंच सांगा. १२ जागा अडवून बसलोय, यादी आज संपवायचीय. 'शोधून बघा' म्हणणाऱ्यांनी कृपया त्रास घेऊ नये.

काळी_दलदल
कुठल्या सेटमध्ये? स्टँडर्डच्या (फक्त अलीकडचे सेट चालतात तो प्रकार) की मॉडर्न होरायझन्ससारख्या? उत्तर त्यावर बदलतं. आणि १२ जागा कशातल्या?

पिकाप्रेमी
येतं हो सगळं परत. पोकेमॉनच्या कार्डांत लहान अक्षरातले ईएक्स २००३ मध्ये आले, मधल्या काळात मोठ्या अक्षरातले झाले, २०२३ पासून पुन्हा लहान. एस स्पेक नावाचे खास पत्ते २०१२ चे, २०२४ मध्ये परतले. ६० कार्डांच्या डेकमध्ये एकच, हा नियमसुद्धा तोच.

हिरवा_विषाणू
पोकेमॉन कुठून आला मध्येच? मॅजिकबद्दल विचारतोय! इन्फेक्ट आणखी कुठे असतं?

रिकामटेकडा_७
शीर्षक वाचून वाटलं गाडी दुरुस्त करणारा पळून गेलाय. असो.

निळा_डाव
मॅजिकचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांचं स्टॉर्म स्केल ह्याचसाठी आहे. १ म्हणजे जवळपास प्रत्येक सेटमध्ये दिसणार, १० म्हणजे चमत्कार झाला तरच. नाव स्टॉर्मवरून, म्हणजे २००३ च्या स्कर्ज सेटमधल्या मेकॅनिकवरून, आणि ते स्वतः १० वर. इन्फेक्टही वरच्या टोकाकडेच धरा.

जुना_खिलाडी
ह्या आकड्यांवर काय विसंबता? स्टॉर्म १० वर आणि २०१९ मध्ये नवं स्टॉर्म कार्ड छापलं. वेदर द स्टॉर्म.

निळा_डाव
ते मॉडर्न होरायझन्समध्ये. तो सेट स्टँडर्डमध्ये चालतच नाही, आणि स्केल स्टँडर्डच्या सेटपुरतंच आहे. काळी_दलदलने पहिल्याच प्रतिसादात हेच विचारलं होतं, धागाकर्ते अजून गप्प.

जुना_खिलाडी
बरं, मग रिझर्व्ह्ड लिस्ट बघा. १९९६ पासून कंपनीचा शब्द आहे, त्यातलं कार्ड पुन्हा छापणार नाही.

काळी_दलदल
साप सोडून भुई धोपटताय. त्या यादीत १९९९ नंतरच्या सेटमधलं काही नाही, इन्फेक्ट २०१० चं. शिवाय ती यादी ठरावीक कार्डं पुन्हा छापण्याबद्दल आहे, मेकॅनिकबद्दल नाही.

मूळ प्रश्न. इन्फेक्टची अडचण गणिताची आहे. समोरच्याकडे २० जीवन, पण विषाचे १० काउंटर (मोजायच्या खुणा) झाले की खेळ संपला. आणि इन्फेक्ट क्रीचर (लढणारं कार्ड) जेवढं नुकसान करेल तेवढे सगळे काउंटर. ग्लिसनर एल्फ एका हिरव्या 'माना'त (कार्ड खेळायचं चलन) १/१, म्हणजे ताकद १, तग १. त्यावर +४/+४ टाकलं की एका फटक्यात ५ काउंटर, म्हणजे निम्मा खेळ. ताकद वाढवणारं प्रत्येक स्वस्त कार्ड दुप्पट किमतीचं होतं, म्हणून ते सेटमध्ये छापताना हात आखडावा लागतो. दुसरं, क्रीचरवर ते −१/−१ काउंटर ठेवतं. एकाच क्रीचरवर +१/+१ आणि −१/−१ असतील तर जोडीजोडीने निघतात, टेबलावर दोन रंगांचे फासे आणि कायमचा गोंधळ.

म्हणूनच २०२३ मध्ये फायरेक्सिया ही खेळातली विषारी दुनिया पुन्हा आली तेव्हा टॉक्सिक आणलं: नुकसान साधंच, वर विषाचे काउंटर ठरलेल्या आकड्याएवढेच. टॉक्सिक १ असलेल्या १/१ ला +४/+४ द्या: ५ साधं नुकसान, काउंटर एकच. वारस गादीवर बसलाय. स्टँडर्डमध्ये मूळ इन्फेक्टची वाट बघू नका.

ऊर्जास्रोत
असहमत. एनर्जी (साठवून खर्च करायचे काउंटर) ह्या मेकॅनिकचंही हेच म्हणत होते. जानेवारी २०१८ ला स्टँडर्डमध्ये अट्यून विथ ईथर आणि रोग रिफायनर ह्या एनर्जीच्या कार्डांवर बंदी आली, तरी २०२५ च्या ईथरड्रिफ्टमध्ये एनर्जी परत. बंदी म्हणजे शेवट नव्हे.

काळी_दलदल
बंदीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. एनर्जीत आकडे सुधारता येतात: काउंटर कमी द्या, वापरायला महाग करा. इन्फेक्टचा दुप्पटपणा शब्दातच आहे, तो काढला की टॉक्सिकच उरतं.

हिरवा_विषाणू
स्टँडर्ड नाही हो, क्यूब आहे, म्हणजे मी निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा, त्यातून वाटून डेक बनवायचे. ३६० कार्डांचा. हिरव्या-काळ्या रंगांत १२ इन्फेक्ट बसवलेत, नवीन आले की आणखी घालणार होतो.

निळा_डाव
हे आधी सांगायचं ना! मग नवीन येतात की नाही हा प्रश्नच गौण. आठ जणांना प्रत्येकी ४५ म्हणजे ३६० च्या ३६० वाटले जातात. ४० च्या डेकमध्ये १७ लँड (माना देणारी कार्डं), बाकी २३, त्यात किमान १२ इन्फेक्ट क्रीचर हवेत. तुमचे १२ तिघांत विभागले की प्रत्येकाला ४. मग थोडं विष, थोडं साधं नुकसान. ना १० पुरे होतात ना २०. एक तर निळा रंगही धरून २२-२४ करा, नाहीतर सगळे काढून टॉक्सिक घाला. टॉक्सिक क्रीचर साधं नुकसानही करतं, त्यामुळे कुठल्याही डेकमध्ये वाया जात नाही.

ऊर्जास्रोत
किंवा प्रोलिफरेट वाढवा. एनर्जीलाही उपयोगी.

काळी_दलदल
पहिला काउंटर कोण ठेवणार? प्रोलिफरेट असलेलेच वाढवतं.

हिरवा_विषाणू
२४ करतो. ब्लायटेड एजंट (निळा इन्फेक्ट क्रीचर) किती ठेवू, तीन की चार? अडवताच येत नाही तो.

निळा_डाव
तुमच्या क्यूबमध्ये प्रत्येक कार्ड एकच आहे की नाही, तेही आत्ताच सांगून टाका.