कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये कामाला लागायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मी पुण्यात राहते, बीकॉम झालंय, लहानपणापासून घरात कुत्री आहेत म्हणून बोर्डिंगमध्येच, म्हणजे मालक गावाला गेले की त्यांची कुत्री सांभाळतात तिथे, काम करायचं ठरवलंय पण आई म्हणते एवढं शिकून शी काढणार का. आधी कोर्स लागतो का?

उत्तर: कोर्स नसला तरी चालतं, आधी महिनाभर एखाद्या शेल्टरमध्ये जाऊन रोज पिंजरे धुवून बघ. आणि रेबीजची लस आधीच घे, 0, 7 आणि 21व्या किंवा 28व्या दिवशी, चावायची वाट बघू नकोस. तरीही चावलंच तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवून लगेच डॉक्टर.

उत्तर: सहा वर्षं करतेय मी. शी काढणं हेच तर काम आहे गं, पातळ आहे का, रक्त आहे का, आजार पहिला तिथेच कळतो. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, एका पिल्लापासून भराभर पसरतो म्हणून लसीचं कार्ड बघितल्याशिवाय कुणालाच आत घ्यायचं नाही, मालक कितीही चिडू दे. आमच्याकडे एक लॅब्रा दोन दिवस जेवला नाही, मालकाचा न धुतलेला टीशर्ट मागवून अंथरला, त्यात नाक खुपसून झोपला आणि सकाळी वाटी चाटूनपुसून साफ! मे महिन्यात आणि दिवाळीत सुट्टी मिळणार नाही, फटाक्यांत रात्रभर जवळ बसावं लागतं.

प्रश्नकर्ती: थँक्यू ताई, सोमवारीच लस घेते, आणि आईला हे वाचून दाखवते.