डीएफ म्हणतं डिस्क १०० टक्के भरली, डीयूला मात्र १६ जीबीच सापडतात

लॉगवाचक (प्रश्न)

मंडळी, एका लिनक्स सर्व्हरवर /व्हार हे वेगळं पार्टिशन आहे. एक्स्ट४ फाइलसिस्टिम, ४० जीबी. ऍप्लिकेशन लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' यायला लागलंय. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) आणि डीयू (फाइलींनी घेतलेली जागा मोजणारी) ने पाहिलं ते असं:

डीएफ -एच /व्हार
आकार ३९ जीबी, वापर ३७ जीबी, शिल्लक ०, १०० टक्के

डीयू -एक्सएसएच /व्हार
१६ जीबी

जुने लॉग आरएमने उडवले, तरी डीएफचा आकडा तसूभर हलला नाही. /व्हार/बॅकअप वर एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या सर्व्हरची डिस्क) माउंट आहे, पण -एक्स दिल्यामुळे तो मोजणीत येत नाही. ऍप जावाचं आहे, कामाच्या वेळेत बंद करता येत नाही, त्यामुळे रीबूट सुचवू नका. २१ जीबी अडकलेत कुठे? आणि ३९ पैकी ३७ वापरात, तर उरलेले २ जीबी शिल्लकमध्ये का दिसत नाहीत?

आयनोड

दुसरा प्रश्न आधी संपवतो. एक्स्ट४ बनवताना ५ टक्के ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) रूटसाठी राखून ठेवले जातात. ४० चे ५ टक्के म्हणजे तुमचे हरवलेले २ जीबी. डीएफच्या 'वापर' रकान्यात ही राखीव जागा धरली जात नाही, फक्त 'शिल्लक' मधून ती वजा होते. टक्केवारीही वापर भागिले (वापर अधिक शिल्लक) अशी काढतात, म्हणून ३७ ला १०० टक्के. रूटच्या प्रोसेसना अजून लिहिता येतंय, ऍपच्या युजरला नाही.

पण यामुळे २१ जीबीचा हिशोब लागत नाही, कारण तो फरक वापरातला आहे. त्यासाठी आरएम काय करतं ते लक्षात घ्या. आरएम फक्त डिरेक्टरीतलं नाव काढतं. फाइलचे ब्लॉक सुटायला दोन अटी आहेत: आयनोडला (फाइलची डिस्कवरची मूळ नोंद) एकही नाव उरलेलं नको, आणि कोणत्याही प्रोसेसने ती उघडी धरलेली नको. डीयू नावांवरून चालतं, त्यामुळे बिननावाची फाइल त्याला दिसत नाही. डीएफ फाइलसिस्टिमलाच विचारतं, त्याच्या लेखी जागा भरलेलीच.

रूटनेच एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) चालवा:

एलएसओएफ -ए +एल१ /व्हार

यातला एल कॅपिटल. -ए विसरू नका, नाहीतर 'बिननावाची' आणि '/व्हारवरची' यांपैकी एकच अट जुळली तरी ओळ येते आणि पानंच्या पानं भरतात. एनलिंक रकान्यात ० आणि आकार मोठा असलेल्या ओळी बघा. एफडी रकान्यात '१डब्ल्यू' असं काही असेल तर तो डिस्क्रिप्टरचा, म्हणजे प्रोसेसच्या त्या उघड्या फाइलीचा, आकडा. समजा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) २२१४ आणि एफडी १, तर:

ट्रंकेट -एस ० /प्रॉक/२२१४/एफडी/१

फाइल शून्यावर येते, प्रोसेस चालूच राहते, जागा लगेच सुटते. लॉग हवा असेल तर आधी सीपीने त्याच वाटेवरून दुसऱ्या पार्टिशनवर उतरवून घ्या. नाव गेलं असलं तरी मजकूर शाबूत असतो.

हे फक्त लॉगसाठी, बरं का. डेटाबेसच्या प्रोसेसकडे बिननावाच्या तात्पुरत्या फाइली मुद्दाम ठेवलेल्या असतात (मायएसक्यूएलच्या इनोडीबीच्या तर हमखास दिसतात), त्यांना हात लावायचा नाही. एफडी रकान्यात आकड्याऐवजी 'टीएक्सटी' किंवा 'डीईएल' असेल तर तो चालू प्रोग्राम किंवा पॅकेज अपडेटनंतर मागे राहिलेली लायब्ररी. तिथे सर्व्हिस सवडीने रीस्टार्ट करणं हाच उपाय.

शेलकरी

वरच्याला एक पुरवणी. असे प्रसंग आले की पुष्कळ जण सवयीने किल -एचयूपी मारतात, म्हणजे प्रोसेसला एचयूपी सिग्नल पाठवतात. आरसिसलॉगला (लॉग लिहिणारी सर्व्हिस) ते चालतं, तो फाइली बंद करून नव्याने उघडतो. एनजिनएक्सला (वेब सर्व्हर) यूएसआर१ सिग्नल द्या. पण जावाला एचयूपी पाठवाल तर जेव्हीएम (जावा ऍप चालवणारा प्रोग्राम) सरळ बंद पडेल. नोहपने (एचयूपीकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) सुरू केलेलं असेल तर काहीच होणार नाही, आणि फाइल तरीही उघडीच राहील. तुमच्या बाबतीत ट्रंकेटच.

लॉगवाचक

धन्यवाद, नेमकं तेच निघालं. जावाच्या एफडी १ वर १४ जीबीची खोडलेली फाइल होती, ट्रंकेट केल्यावर वापर २३ जीबी, ६२ टक्के. ऍप सुरळीत आहे.

दोन शंका मात्र राहिल्या. एक, थोड्या वेळाने एलएसओएफ पुन्हा चालवलं तर त्याच फाइलचा आकार परत १४ जीबी दाखवतंय, पण डीएफ २३ वरच आहे. दोन, डीयू १६ आणि डीएफ २३, म्हणजे ७ जीबीचा पत्ता अजूनही नाही. बिननावाची मोठी फाइल आता दुसरी एकही दिसत नाही.

आयनोड

पहिलीचं उत्तर तुमच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये आहे. तिथे आउटपुट एकेरी > ने लॉगकडे वळवलेलं असणार. एकेरी बाणाने उघडलेल्या फाइलीत प्रोसेसची लिहिण्याची जागा कर्नल लक्षात ठेवतो. तुम्ही फाइल शून्यावर आणली, पण ती जागा १४ जीबीवरच राहिली. पुढची ओळ तिथे जाऊन पडली आणि मागचा सगळा भाग पोकळ झाला. आकार १४ जीबी, प्रत्यक्ष ब्लॉक काही केबी. खात्री करायची तर:

स्टॅट -एल /प्रॉक/२२१४/एफडी/१

यातही एल कॅपिटलच. 'ब्लॉक्स' चा आकडा ५१२ बाइटच्या हिशोबात असतो, त्याला ५१२ ने गुणा, खरी जागा कळेल. दुहेरी >> वापरलं असतं तर प्रत्येक लिखाण फाइलीच्या त्या क्षणीच्या शेवटाला गेलं असतं आणि हा घोळ झाला नसता. स्क्रिप्टमध्ये आत्ताच दुरुस्ती करून ठेवा, पुढच्या रीस्टार्टला लागू होईल. सिस्टिमडीखाली (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) चालवत असाल तर युनिटमध्ये स्टँडर्डआउटपुट=अपेंड: आणि पुढे फाइलीची वाट.

७ जीबीबद्दल माझा संशय /व्हार/बॅकअप वर आहे.

माउंटवाला

माझाही तिथेच. एनएफएस कधीतरी माउंट न होता राहिला असणार आणि बॅकअपचं काम त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे /व्हारच्याच डिस्कवर लिहून मोकळं झालं असणार. नंतर माउंट वर चढला आणि खालचं झाकलं गेलं. डीयूला वरचंच दिसतं.

माउंट न काढता खाली डोकावता येतं:

एमकेडीआयआर /एमएनटी/तपास
माउंट --बाइंड /व्हार /एमएनटी/तपास
डीयू -एक्सएसएच /एमएनटी/तपास/बॅकअप

साधा बाइंड आत चढलेले इतर माउंट सोबत आणत नाही, म्हणून मूळ डिस्कवरचं उघडं पडतं. --आरबाइंड देऊ नका, तो सगळं घेऊन येतो आणि तपासाचा उपयोगच राहत नाही.

खोडण्याआधी 'डीएफ /एमएनटी/तपास/बॅकअप' करून डिव्हाइसचं नाव वाचा. ते /व्हारचंच हवं. एनएफएस सर्व्हरचं नाव आलं तर थांबा, तुम्ही खऱ्या बॅकअपवर उभे आहात. काम झालं की यूमाउंट /एमएनटी/तपास, आणि ती डिरेक्टरी काढायची तर आरएमडीआयआरने. आरएम -आरएफ तिथे कधीच नाही, यूमाउंट फसलेलं असेल तर अख्खं /व्हार जाईल.

पुन्हा होऊ नये म्हणून बॅकअप स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत:

माउंटपॉइंट -क्यू /व्हार/बॅकअप || एक्झिट १

आणि एनएफएस उतरवलेला असताना, खालची डिरेक्टरी रिकामी करून, तिच्यावर सीएचएटीटीआर +आय. मग माउंट नसेल तेव्हा रूटलाही तिथे फाइल बनवता येत नाही, काम लगेच बोंब मारतं. वर माउंट चढायला मात्र अडचण येत नाही. एफएसटॅबमध्ये (बूट होताना चढवायच्या माउंटची यादी) 'नोफेल' लिहिलंय का तेही बघा. त्याने सर्व्हर बूट होतो हे खरं, पण माउंट चढला नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्रॉनटॅब

मूळ आजार लॉग अमर्याद वाढण्याचा आहे, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. लॉगरोटेटमध्ये (जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणारा प्रोग्राम) कॉपीट्रंकेट टाका आणि मोकळे व्हा.

शेलकरी

क्रॉनटॅब, इतकं सरळ नाही ते. कॉपीट्रंकेट म्हणजे आधी प्रत, मग मूळ फाइल शून्य. या दोन्हींच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी कायमच्या जातात. शिवाय प्रत बनवताना तेवढीच जागा मोकळी लागते: १४ जीबीच्या लॉगची प्रत ५ जीबी शिल्लक असलेल्या डिस्कवर होणार कशी? आणि एकेरी > असेल तर वर आयनोड यांनी सांगितलेला पोकळ फाइलीचा घोळ दर रोटेशनला होणार.

सिग्नलवर फाइल पुन्हा उघडणाऱ्या सर्व्हिसना कॉपीट्रंकेट देऊच नये. त्यांना नाव बदलून, पोस्टरोटेटमध्ये (फिरवल्यानंतर चालणाऱ्या ओळी) सिग्नल द्यावा, आणि डिलेकॉम्प्रेस (जुना लॉग दाबून लहान करणं पुढच्या फेरीवर ढकलणं) लावावं, कारण सिग्नल मिळेपर्यंत प्रोसेस जुन्याच फाइलीत लिहीत असते. या जावा लॉगला मात्र >> केल्यानंतर कॉपीट्रंकेट चालेल, फक्त लॉग लहान असतानाच फिरवा. मॅक्ससाइज २००एम ठेवलं तर प्रतीचा भारही तेवढाच.

इथे बहुतेकांची फसगत होते. लॉगरोटेट सतत जागा नसतो. तो बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदाच चालतो, त्यामुळे मॅक्ससाइज काहीही लिहा, आकार दिवसातून एकदाच तपासला जातो. ताशी क्रॉन किंवा टायमर लावा. ताशी केल्यावर डेटएक्स्ट चालू असेल तर दुसरी अडचण: नावात फक्त तारीख असते, त्याच दिवशीच्या दुसऱ्या रोटेशनला ते नाव आधीच असतं आणि रोटेशन गाळलं जातं. डेटफॉरमॅटमध्ये शेवटी -%एस (लहान एस) घाला, म्हणजे सेकंदांचा आकडा येऊन नाव वेगळं होईल.

साइज आणि मॅक्ससाइज एकच नव्हेत. साइज लिहिलं की डेली, वीकली गुंडाळलं जातं, फक्त आकार बघितला जातो. मॅक्ससाइजमध्ये दोन्ही चालतं, आधी जे होईल ते. बदल केल्यावर लॉगरोटेट -डी ने कोरडी चाचणी घ्या, त्यात फाइलींना धक्का लागत नाही. लॉगच्या डिरेक्टरीवर ग्रुपला किंवा सर्वांना लिहायची परवानगी असेल तर लॉगरोटेट 'इनसिक्युअर परमिशन्स' म्हणून ती फाइल सोडून देतो, ही तक्रारही तिथेच दिसते. मग कॉन्फिगमध्ये 'एसयू' (कोणत्या युजरच्या नावाने फिरवायचं ते सांगणारी) ओळ लागते.

लॉगवाचक

माउंटखाली खरंच ७ जीबीची टार फाइल निघाली. खोडली, आता वापर १६ जीबी, ४३ टक्के, डीयूशी जुळतंय. >> आणि सीएचएटीटीआर दोन्ही केलं. राखीव ५ टक्के कमी करावेत का?

आयनोड

/व्हारवर १ टक्का पुरे, चालू सर्व्हरवरही होतं:

ट्यून२एफएस -एम १ आणि पुढे डिव्हाइसचं नाव

एम लहान. दीडएक जीबी सुटेल. शून्य करू नका. डिस्क तुडुंब भरली तरी रूटच्या डीमनना (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोसेस) लिहायला जागा राहावी म्हणून ती राखीव आहे, शिवाय पूर्ण भरलेल्या एक्स्ट४ वर फाइली तुकड्यातुकड्यांत पडतात. / वर तर ५ टक्केच राहू द्या.

जर्नलही (सिस्टिमडीचा स्वतःचा लॉग) बघून घ्या: जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज. मर्यादा लिहिलेली नसेल तर तो फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत जातो, जास्तीत जास्त ४ जीबी. तुमच्याकडे म्हणजे साधारण ४ जीबीच. जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टिममॅक्सयूज=५००एम लिहून सर्व्हिस रीस्टार्ट करा.

माउंटवाला

आणि कधी डीएफ -एच मध्ये जागा भरपूर दिसूनही हाच एरर आला तर डीएफ -आय चालवा. एक्स्ट४ मध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते, साधारण दर १६ केबीला एक. ४० जीबीला २६,२१,४४०. सेशनच्या किंवा मेल रांगेच्या चिमुकल्या फाइली साचल्या की जागा असूनही आयनोड संपतात. फाइलसिस्टिम मोठी केल्याशिवाय ते वाढत नाहीत. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम ते गरजेनुसार बनवते, तिथे हा त्रास क्वचित होतो.

कुठे साचलंय ते शोधायला:

डीयू --आयनोड्स -एक्स /व्हार | सॉर्ट -एन | टेल

लाखो फाइली असल्या की 'आरएम *' ला 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येतं. मग:

फाइंड /व्हार/टीएमपी/सेशन -एक्सडेव्ह -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट

-डिलीट नेहमी शेवटी. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं; -डिलीट आधी लिहिलं तर वय तपासायच्या आतच सगळं साफ. आधी -डिलीटच्या जागी -प्रिंट लिहून यादी बघावी.

बंदरकर

फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) काम करणाऱ्यांसाठी. तिथे /प्रॉक सहसा माउंट केलेलं नसतं, त्यामुळे वरची ट्रंकेटची युक्ती चालणार नाही. कोणी काय उघडलंय ते 'एफस्टॅट -एफ /व्हार' ने शोधा आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. यूएफएसवर (तिथली एक फाइलसिस्टिम) राखीव जागा ८ टक्के असते आणि रूट तिच्यात लिहायला लागला की डीएफ १०० च्या वरचे टक्के आणि शिल्लक उणे दाखवतं. तो बिघाड नाही. सॉफ्ट अपडेट्स चालू असतील तर आरएमनंतर जागा थोडी उशिरा सुटते, लगेच डीएफ बघून घाबरू नका. झेडएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर आधी 'झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट' बघा: स्नॅपशॉटने (त्या क्षणाची जपलेली स्थिती) धरलेली फाइल कितीही खोडली तरी तो स्नॅपशॉट जाईपर्यंत जागा परत मिळत नाही.