ब्रोकरवर दावा करायचाय, मुदत संपत आलीय. सोलापुरात वकील सुचवा

जुळेसोलापूरकर: वडिलांच्या खात्यात त्यांना न विचारता शेअर बाजारातले ऑप्शनचे (भाव वर जाईल की खाली यावरचे जोखमीचे) सौदे झाले. २ लाख ४० हजार गेले. शेवटचा सौदा १९ डिसेंबर २०२२ चा, आणि आता २०२५ चा नोव्हेंबर संपत आलाय. फी १० हजारांवर झेपणार नाही.

चादरवाला_अशोकचौक: मी ३५ हजार मोजले वकिलाला. पैशाकडे बघू नका मालक, पुण्याचाच धरा.

सातरस्ता७१: सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर टाका, फुकट आहे. माझी उशिराची म्हणून परत आली, पण तुम्ही टाकून बघा.

पेन्शनर_काका: ग्राहक आयोग! ऑप्शन खेळणारा ग्राहक कसला म्हणतील, पण भांडायचं.

निवृत्त_शिरस्तेदार: स्कोअर्सला १ वर्ष, ग्राहक आयोगाला २. दोन्ही गेली. आयोगात विलंबमाफी मागता येते, कारण सबळ लागतं. उरला लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा. त्याला मुदत कायदा १९६३, म्हणजे ३ वर्षं. स्मार्ट ओडीआर या बाजारातले वाद ऑनलाइन मिटवायच्या पोर्टलवर तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत. आधी समेट, नाही जमला तर लवाद. नुसत्या ईमेल-नोटिसांनी मुदत वाढत नाही.

पेन्शनर_काका: लवादाला सहाच महिने असतात.

निवृत्त_शिरस्तेदार: ते २०१० च्या आधी, काका.

चादरवाला_अशोकचौक: वडिलांना कळलं कधी? कळल्यापासून मोजतात म्हणे.

जुळेसोलापूरकर: मार्च २०२३ मध्ये. खात्याला ईमेल सब-ब्रोकरचाच (ब्रोकर कंपनीचा इथला एजंट) लावलेला होता.

निवृत्त_शिरस्तेदार: फसवणूक लपवली असेल तर तसं मोजतात, पण सिद्ध तुम्ही करायचं. १९ डिसेंबरच धरून चला.

सातरस्ता७१: स्कोअर्स टाकलं का?

जुळेसोलापूरकर: सगळ्यांचे आभार. पण सब-ब्रोकर आमच्या भावकीतला. वडील म्हणतात, तक्रार नको, घरी बसून मिटवू. तो म्हणालाय, गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) झाला की थोडे थोडे देतो.

निवृत्त_शिरस्तेदार: गड्डा जानेवारीत. मुदतीच्या आत देणं लेखी कबूल करून घ्या, सही-तारखेसह, तर तिथून नव्याने ३ वर्षं. सही ब्रोकर कंपनीच्या अधिकृत माणसाची हवी. सब-ब्रोकरची एकट्याची कंपनीला लागू पडेलच असं नाही.

जुळेसोलापूरकर: कागद पुढं केला तर चहा मागवून विषय बदलतो हो. वडिलांना त्याच्या शब्दावर भरवसा आहे. गड्ड्यापर्यंत थांबतो.

चादरवाला_अशोकचौक: वकिलाचा नंबर देऊ का? ३५ च घेतो.